मिरर सिंक झाला की नाही, हे खात्रीनं कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. सर्व्हरमध्ये दोन डिस्कवर एलव्हीएमचा (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी लिनक्समधली यंत्रणा) मिरर आहे, म्हणजे एकच डेटा दोन्हीकडे. एक डिस्क गेली, तुम्ही नवी बसवली आणि रिपेअरची कमांड दिली. आता एलव्हीएस या कमांडनं येणाऱ्या व्हॉल्यूमच्या यादीत रूट (सिस्टिमच्या) व्हॉल्यूमपुढे सिंकचा, म्हणजे दोन्ही प्रती जुळल्याचा, टक्का १००.०० दिसतोय, पण डेटा व्हॉल्यूमपुढे काल संध्याकाळपासून ६२.३१ हाच आकडा आहे. मिररची स्थिती दाखवणारी प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल उघडली तर तीत काहीच नाही. सर्व्हर मात्र नेहमीसारखा चालू आहे. दुसरी डिस्कही त्याच वयाची, म्हणून तीसुद्धा लगेच बदलून टाकावी असा तुमचा विचार आहे.

सगळ्यात आधी एक विनंती. दुसऱ्या डिस्कला अजून हात लावू नका. सर्व्हर नीट चालतोय यावरून सिंकबद्दल काहीही कळत नाही. एका पायावर उभं राहता यावं म्हणूनच तर मिरर केलेला असतो. नवी डिस्क अर्धीच भरलेली असताना वाचायचं काम जुनी डिस्क गुपचूप करत राहते आणि वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही. आत्ता तुमच्या डेटाची पूर्ण प्रत जगात एकाच ठिकाणी आहे, आणि ती नेमकी तुम्ही काढायला निघालेल्या डिस्कवर आहे.

‘सिंक झालं का’ या एका वाक्यात खरं तर तीन प्रश्न असतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या ठिकाणी मिळतं. मिररचे दोन्ही घटक जागेवर आहेत का? कॉपी कोणत्या दिशेनं चालली आहे, कुठवर आली आहे, आणि ती पुढे सरकते आहे का? आणि कॉपी संपल्यावर दोन्हीकडचा मजकूर खरंच सारखा आणि वाचण्याजोगा आहे का? टक्क्याच्या आकड्यातून यातल्या फक्त मधल्या प्रश्नाचं, तेही अर्धंच, उत्तर मिळतं. हे काम मी बरीच वर्षं करते आहे. मिरर असूनही डेटा गेल्याची जी प्रकरणं माझ्यासमोर आली, त्यातल्या बहुतेकांत कुणीतरी एका आकड्यावर विसंबून चालती डिस्क बाहेर काढलेली होती.

एमडीस्टॅट रिकामी का, ते आधी सांगते, कारण त्या गोंधळात पुष्कळजण सापडतात. एमडीएडीएम या लिनक्सच्या दुसऱ्या टूलनं बांधलेले मिरर त्या फाइलमध्ये दिसतात. एलव्हीएमचा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) प्रकारचा मिरर आतून कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, तोच एमडीचा कोड वापरतो, पण तो डिव्हाइस मॅपर या वेगळ्या थराच्या मार्फत. त्यामुळे त्याची नोंद एमडीस्टॅटमध्ये येत नाही. म्हणजे तुमच्याकडे फाइल रिकामी असण्यात बिघाड काहीच नाही, तुम्ही फक्त चुकीच्या खिडकीतून बघत होता.

बरोबर खिडकी म्हणजे एलव्हीएसच, पण ‘मायनस ए’ लावून. तो लावला नाही तर वरवरचे व्हॉल्यूम दिसतात, पोटातले दिसत नाहीत. लावल्यावर डेटा व्हॉल्यूमखाली चौकटी कंसात चार ओळी येतील: दोन आर-इमेजच्या आणि दोन आर-मेटाच्या. आर-इमेज म्हणजे प्रत्येक डिस्कवरची प्रत, आर-मेटा म्हणजे त्या प्रतीबद्दलच्या नोंदी. आर-इमेजच्या ओळीतल्या अॅट्रिब्यूटच्या रकान्यातलं पहिलंच अक्षर बघा. छोटा आय असेल तर ती प्रत सिंकमध्ये आहे, मोठा आय असेल तर ती अजून सिंकमध्ये नाही. तुमच्या यादीत एक छोटा आणि एक मोठा दिसेल असा माझा अंदाज आहे. सोबत डिव्हाइसेसचा रकाना मागवलात तर मोठा आय कोणत्या डिस्कवर आहे तेही कळेल. तो नव्या डिस्कवर असेल तर दिशा बरोबर आहे. जुन्या डिस्कवर निघाला, तर काहीही करण्याआधी थांबा आणि इथे कळवा.

त्याच रकान्यातलं नववं अक्षर तब्येतीचं असतं. तिथे रेघ म्हणजे तक्रार नाही. पी म्हणजे एखादी डिस्क गायब आहे. आर म्हणजे डिस्क मध्येच नाहीशी होऊन परत आली आहे आणि व्हॉल्यूम रिफ्रेश करायला हवा. एम म्हणजे तपासणीत दोन प्रतींमध्ये फरक सापडला आहे. टक्का १०० आणि नववं अक्षर पी, असं दिसलं तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे, मग टक्का काहीही म्हणो.

आता ६२.३१ कडे वळू. आकडा थांबला आहे की फार हळू सरकतो आहे, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी मी डीएमसेटअप स्टेटस ही कमांड वापरते, कारण ती टक्क्याऐवजी सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांचा, कच्चा आकडा देते. तुमचा डेटा व्हॉल्यूम १००० जीआयबीचा आहे असं धरून ती ओळ कशी वाचायची ते दाखवते. ओळीत आधी ‘रेड रेड१ २’ असं येईल, म्हणजे दोन घटकांचा मिरर. मग ‘एए’ ही दोन अक्षरं, पहिला ए मोठा, दुसरा छोटा. मोठा ए म्हणजे डिस्क जिवंत आणि सिंकमध्ये. छोटा ए म्हणजे जिवंत, पण सिंक बाकी. तिथे डी दिसला तर ती डिस्क मेली असं कर्नलनं धरलं आहे. पुढे अपूर्णांकासारखा आकडा: १३०६७३५३६०/२०९७१५२०००. हे ५१२ बाइटचे सेक्टर आहेत, इतक्यांपैकी इतके झाले. त्यानंतर चालू क्रियेचं नाव.

ही कमांड एकदा चालवा, घड्याळ लावून बरोबर एका मिनिटानं पुन्हा चालवा. समजा आता वरचा आकडा १३१४१०८१६० झाला. फरक ७३७२८०० सेक्टरचा, म्हणजे मिनिटाला ३६०० एमआयबी, सेकंदाला ६०. उरलेले ७८३०४३८४० सेक्टर याच वेगानं व्हायला १०६ मिनिटं लागतील, पावणेदोन तास. असं असेल तर चिंता नाही, वाट बघा. एका मिनिटात काहीच हललं नाही, दहा मिनिटांतही हललं नाही, तर मात्र कॉपी अडली आहे.

ती का अडते याची कारणं परिस्थितीवर अवलंबून असतात आणि तुमची मशीन बघितल्याशिवाय मला ठाम सांगता येणार नाही. पण कुठून सुरुवात करायची ते सांगते.

पहिलं, क्रियेचं नाव वाचा. ‘रिकव्हर’ म्हणजे चांगल्या प्रतीवरून नव्या डिस्कवर भरणं चालू आहे. ‘रिसिंक’ म्हणजे दोन्ही प्रती आधीपासून होत्या आणि वीज गेल्यासारख्या प्रसंगानंतर त्या पुन्हा जुळवल्या जात आहेत. ‘चेक’ म्हणजे नुसती तपासणी. ‘फ्रोझन’ म्हणजे काम मुद्दाम रोखून धरलं आहे. ‘आयडल’ म्हणजे काहीच चालू नाही. टक्का कशाचा आहे हे या शब्दावरून ठरतं. ‘आयडल’ दिसतंय आणि टक्का १०० च्या खाली आहे, तर कॉपी मध्येच सोडून दिली गेली आहे आणि तिचं कारण कर्नलच्या लॉगमध्ये सापडेल.

दुसरं, भार. सिंक नेहमीच्या कामाला वाट करून देतं. एमडीची किमान वेगाची मर्यादा मुळात सेकंदाला १००० केबी असते, कमाल २००००० केबी. दिवसभर डेटाबेस डिस्कला घासत असेल तर सिंक त्या किमान पातळीपर्यंत खाली येऊ शकतं आणि त्या वेगानं एक टीबीला अकरा दिवसांहून जास्त लागतात. टक्का दोन दशांश स्थळांपर्यंतच दिसतो, म्हणून तो गोठल्यासारखा वाटतो. पण अशा वेळीसुद्धा सेक्टरचा आकडा मिनिटामिनिटाला हलताना दिसतोच, आणि रात्रभरात टक्काही चार-पाचनं पुढे जायला हवा. तुमचा तसूभरही हलला नाही असं म्हणता, म्हणून मला भाराचा संशय कमी आहे.

तिसरं, आणि तुमच्या बाबतीत माझा संशय इथेच आहे: जुन्या डिस्कवरचे न वाचता येणारे सेक्टर. कर्नलचा लॉग उघडा आणि जुन्या डिस्कच्या नावापुढे वाचनाच्या चुका किंवा लिंक (डिस्कशी असलेली जोडणी) पुन्हा पुन्हा रीसेट झाल्याच्या ओळी आहेत का बघा. मग स्मार्टसीटीएल या कमांडनं त्याच डिस्कच्या तब्येतीचा (स्मार्ट) अहवाल काढा आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ ही ओळ शोधा. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर तेवढे सेक्टर वाचता न आल्यामुळे ताटकळत पडले आहेत.

साध्या डेस्कटॉप डिस्क वापरल्या असतील तर इथे आणखी एक गुंता होतो. खराब सेक्टर लागला की अशी डिस्क तो वाचायचा प्रयत्न कितीतरी वेळ करत बसते. कर्नल मात्र साधारण ३० सेकंद थांबतो, मग डिस्क उत्तर देत नाही असं समजून लिंक रीसेट करतो, आणि पुन्हा तेच चक्र. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क बहुधा ७ सेकंदांत हार मानून ‘वाचता आलं नाही’ असं सांगून मोकळ्या होतात. ही मर्यादा डिस्कमध्ये असेल तर स्मार्टसीटीएलमधून लावता येते, नसेल तर कर्नलचा थांबण्याचा वेळ वाढवावा लागतो, मी १८० सेकंद ठेवते. ही जोडी जुळलेली नसल्यामुळे अडकलेले सिंक मी अनेकदा बघितले आहेत.

असे सेक्टर नेमके रिबिल्डच्या, म्हणजे नवी डिस्क भरण्याच्या, वेळीच का उगवतात, असं लोक विचारतात. ते आधीपासून तिथे असतात. रोजच्या कामात डिस्कचा ठरावीक भागच वाचला जातो, जुन्या फाइली वर्षानुवर्षं तशाच पडून असतात. रिबिल्ड ही पहिली वेळ असते जेव्हा डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सलग वाचली जाते.

यातला मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलेला प्रसंग एमडीएडीएमच्या मिररचा आहे. एक डिस्क बदलली होती. रात्रभर बसून मी रिकव्हरी बघितली. सकाळी एमडीस्टॅटमध्ये चौकटी कंसात दोन यू दिसले, म्हणजे दोन्ही डिस्क वर, सिंक पूर्ण. ते बघून जुनी डिस्क काढायचं ठरलं. काढण्याआधी सवयीनं मी दोन्ही घटकांवर एमडीएडीएमचं एक्झॅमिन चालवलं, तर ‘बॅड ब्लॉक लॉग’च्या ओळीच्या शेवटी ‘बॅड ब्लॉक्स प्रेझेंट’ असे शब्द. अर्थ असा होता की जुन्या डिस्कवरचे काही ब्लॉक वाचता आले नाहीत, दुसरी प्रत कुठे नव्हती, म्हणून एमडीनं ते पत्ते वाईट ब्लॉकच्या यादीत टाकले आणि पुढची कॉपी चालू ठेवली. काम संपलं, दोन यू लागले, पण तेवढा मजकूर नव्या डिस्कवर कधी गेलाच नव्हता. ते पत्ते कोणत्या फाइलींचे हे शोधून काढलं, त्या फाइली बॅकअपमधून आणल्या, मगच डिस्क बाहेर काढली. नुसत्या दोन यूंवर मी त्या दिवशी थांबले असते तर पुढे कधीतरी कुणीतरी त्या फाइली उघडायला गेल्यावर हे कळलं असतं, आणि तोवर जुना बॅकअपही पुसला गेला असता.

आता तुमच्या रूट व्हॉल्यूमच्या १०० बद्दल. तो आकडा बहुधा खरा आहे, पण एक खातरजमा करा. मिरर बनवताना ‘नोसिंक’ म्हणजे पहिली जुळवणी नको असं सांगितलेलं असेल, तर एलव्हीएम एकही ब्लॉक कॉपी न करता सुरुवातीपासूनच १०० दाखवतं. ओळखायची खूण म्हणजे मुख्य व्हॉल्यूमच्या ओळीतलं पहिलं अक्षर. छोटा आर असेल तर नेहमीचा रेड, मोठा आर असेल तर पहिल्या जुळवणीशिवाय बनवलेला. एमडीएडीएममध्ये ‘अझ्यूम क्लीन’ हा पर्याय हेच करतो. शिवाय वेळेचा हिशोबही घाला. फिरत्या डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २५० एमबी लिहितात. २० जीबीचा रूट काही मिनिटांत होणं स्वाभाविक आहे. पण कोऱ्या डिस्कवर १००० जीबी पाच मिनिटांत ‘सिंक’ झाले असं दिसलं, तर कॉपी झालेलीच नाही असं समजून शोध सुरू करा. तीच जुनी डिस्क थोडा वेळ निसटून परत आली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बिटमॅपमध्ये बदललेल्या भागांची नोंद असते, तेवढंच कॉपी होतं आणि काम झटकन उरकतं.

तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे दोन्ही प्रती खरंच सारख्या आहेत का यासाठी, तपासणी वेगळी चालवावी लागते. एलव्हीएममध्ये एलव्हीचेंज कमांडला ‘सिंकअॅक्शन चेक’ सांगायचं, आणि संपल्यावर एलव्हीएसमध्ये ‘रेड मिसमॅच काउंट’ हा रकाना मागवायचा. शून्य आलं तर उत्तम. शून्य नसेल तरी लगेच घाबरू नका. एमडीच्या मिररमध्ये तुलना ६४ केबीच्या तुकड्यांत होते, म्हणून एका बाइटचा फरक असला तरी १२८ सेक्टर मोजले जातात. स्वॅप (मेमरी कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) मिररवर असेल तर तिथे फरक येऊ शकतो आणि तो निरुपद्रवी असतो, कारण लिहिता लिहिता मेमरीतलं पान बदललेलं असतं आणि ते पुन्हा वाचायची वेळ येत नाही. डेटा व्हॉल्यूमवर फरक आला तर मात्र तो गंभीरपणे घ्या.

आणि फरक दिसला म्हणून घाईनं ‘सिंकअॅक्शन रिपेअर’ चालवू नका (डिस्क बदलल्यावर तुम्ही दिलेली रिपेअरची कमांड वेगळी). दोन प्रती वेगळ्या असताना खरी कोणती हे साध्या मिररला कळत नाही, तो एक प्रत दुसरीवर उमटवून मोकळा होतो. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) साठवलेला असतो, म्हणून तिथे खरी प्रत ओळखता येते. एलव्हीएममध्ये तशी सोय हवी असेल तर मिररला इंटिग्रिटीचा थर जोडता येतो, वेग थोडा कमी होतो.

दुसऱ्या प्रणाली वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. आयबीएमच्या एआयएक्समध्ये व्हॉल्यूम ग्रुपच्या माहितीत ‘स्टेल पीपी’ (शिळे झालेले तुकडे) शून्य हवेत आणि व्हॉल्यूमपुढे ‘सिंकडी’ हवं. डीआरबीडीमध्ये, म्हणजे दोन मशीनमधल्या नेटवर्कवरच्या मिररमध्ये, दोन्ही बाजूंना ‘अपटूडेट’ हवं, एका बाजूचं बघून भागत नाही. हार्डवेअर रेड कार्ड असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला एकच डिस्क दिसते, म्हणून कार्डाच्या स्वतःच्या टूलशिवाय काहीही कळणार नाही.

तुमच्यासाठी मी असा क्रम सुचवेन. आज पूर्ण बॅकअप घ्या, मिररचं काय व्हायचं ते होवो. मग डीएमसेटअपचे दोन आकडे एका मिनिटाच्या अंतरानं, कर्नलचा लॉग आणि जुन्या डिस्कचा स्मार्ट अहवाल. पेंडिंग सेक्टर शून्य असतील आणि आकडा हलत असेल तर रिकव्हरी संपू द्या, नंतर चेक चालवा, मिसमॅच शून्य आल्यावर जुनी डिस्क बदला. काढताना एसडीए, एसडीबी या नावांवर जाऊ नका, रीबूटनंतर ती अदलाबदल होतात. स्मार्टसीटीएलमधला सीरियल नंबर कागदावर लिहा आणि डिस्कच्या लेबलवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नव्या डिस्कवर बूटलोडरही (मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) टाकलेला असू द्या. ईएफआयचं, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचं, विभाजन सहसा मिररच्या बाहेर असतं, त्यामुळे डेटा शाबूत असूनही मशीन सुरू होत नाही असं घडू शकतं.

आणि पेंडिंग सेक्टर निघाले, आकडाही ६२.३१ वरच राहिला, तर रिकव्हरी पुन्हा पुन्हा सुरू करून त्या डिस्कला दमवू नका. प्रत्येक फेरीत ती तोच खराब भाग ओरबाडत राहते. सर्व्हर बंद करा, तेवढ्याच किंवा मोठ्या तिसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यूनं जुन्या डिस्कची प्रत काढा. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं, अवघड सेक्टर शेवटी ठेवतं आणि काय राहिलं त्याचा नकाशा लिहून ठेवतं. ती प्रत जुन्या डिस्कच्या जागी लावा, आणि सर्व्हर सुरू करण्याआधी जुनी डिस्क केबल काढून बाजूला ठेवा. दोघींवर एकच ओळख असते, त्या एकाच वेळी दिसल्या तर एलव्हीएम गोंधळतो. त्यानंतर रिकव्हरी नव्यानं सुरू करा. डीएमसेटअपची ओळ आणि लॉगमधल्या शेवटच्या पन्नासेक ओळी इथे टाकल्यात तर मी वाचून सांगेन की तुमचं प्रकरण यातलं कोणतं आहे.